न्हानूबाबचा हॅपलेस

न्हानू घाडी या माणसाला मी पाहिलं नंतर, आधी ऐकलं. गोव्यात धारगळला आमच्या घरामागे मळा आहे. भाताची कापणी झाली की पोरं त्यात खेळपट्टी ठोकून काढतात, बांबूला भोंगे बांधतात आणि उन्हाळा संपेपर्यंत रविवारी टेनिस चेंडूचं क्रिकेट. लग्न होऊन मी इथे आले तो पहिलाच हिवाळा. पडवीत बसून अकरावीचे इंग्रजीचे पेपर तपासत होते, आणि भोंग्यातून आवाज आला :

“आणि प्रेक्षकहो, चेंडू आकाशात! खाली कोण? खाली परबांचा मधला! परबांचा मधला धावतोय... अजून धावतोय... चेंडू एकीकडे, परब एकीकडे! अरेरेरे! हॅपलेस! हॅपलेस क्षेत्ररक्षक!”

माझं लाल पेन थांबलं. समोरच्या गठ्ठ्यात ‘अनलकी’चं स्पेलिंग कुणाला धड आलं नव्हतं, आणि मळ्यात कोणीतरी ‘हॅपलेस’ म्हणत होतं. तेही अगदी चपखल जागी. हा कोण विद्वान, म्हणून मी कान देऊन ऐकू लागले. पुढच्या दहा मिनिटांत चेंडू गटारात गेला तो ‘हॅपलेस चेंडू’ झाला, खेळपट्टीवर कुत्रं आलं ते ‘हॅपलेस कुत्रं’ झालं, आणि मग कोणीतरी चेंडू थेट नारळाच्या झाडांपलीकडे मारला, तर भोंगा आनंदाने किंचाळला, “काय हा षटकार! हॅपलेस षटकार!”

मी पुन्हा पेपरांकडे वळले.

“तो न्हानूबाब,” नवरा म्हणाला. “हायवेवर गाडो आसा त्याचो. संध्याकाळी जाऊया, रस-ऑम्लेट खाऊक.”

गाड्यावर पाहिलं तर हा माणूस भोंग्यातल्या आवाजाच्या निम्माच निघाला. किडकिडीत, कपाळावर दोन्ही बाजूंनी केस मागे हटलेले, गालात कायम एक लवंग. लवंग घशासाठी. गाड्यावर तो बनियनवर असायचा, पण समालोचनाला पांढराशुभ्र लांब बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. भोंग्याला शर्ट दिसत नाही, असं कोणी म्हटलं की तो म्हणायचा, “माका दिसता मरे.”

स्वस्थ बसणं त्याला ठाऊक नव्हतं. तव्यावर ऑम्लेट पसरलं की तोंड सुरू. “हां, कांदो उजवीकडे गेलो, मिरची मधी, आता उलाथनां येता...” गिऱ्हाईक उभ्या उभ्या ऐकायचं. वर शाकुतीचा म्हणजे कोंबडीच्या झणझणीत कालवणाचा रस ओतला, पाव मोडून बाजूला ठेवला, की एखादी विकेट पडल्यासारखा थांबून समोरच्याच्या तोंडाकडे बघायचा. पहिला घास घेऊन तुम्ही मान डोलावल्याशिवाय दुसऱ्याची ऑर्डर घ्यायचा नाही. त्याची बायको शेवंती मागे कांदे चिरत असायची. “खाऊंदी त्यांका. तोंडाकडे कित्याक बघतस?” हे ती दिवसातून अनेकदा म्हणायची आणि तो ऐकायचा नाही.

एक खोड मात्र विचित्र होती. गावातल्या कोणाचं नाव त्याच्या लक्षात राहत नसे. परबांचा मधला, नाईकांचा चष्मेवाला, टेलराचा जावई, असाच सगळा संघ तो चालवायचा. “नाव कित्याक? घर कळलां म्हणजे पुरे,” असं त्याचं म्हणणं.

तो मूळचा डिचोलीकडचा. खाणीवर ट्रकांचं वजन करायच्या काट्यावर होता. खाणी बंद पडल्या आणि काटाही थांबला. मग चुलतभावाच्या सीडीच्या दुकानात बसला, तर लोक फोनवरच सिनेमे बघू लागले. मग सासुरवाडीच्या आधाराने धारगळला येऊन एका ढाब्यावर लागला, तर तो ढाबाच मालकाने विकून टाकला. ही हकीकत तो दुसऱ्याच कुणाची असावी तशी रंगवून सांगायचा. “मी आत पाय ठेवलंय काय शटर पडलांच! शेवटी शेवंती म्हणाली, बिनशटराचो धंदो कर. म्हणून हो गाडो.”

आणि हसायचा, लवंग या गालातून त्या गालात सारत.

शब्द त्याला काट्यावरच सापडला होता. केबिनमध्ये रेडिओ असायचा. दोन ट्रकांच्या मध्ये इंग्रजी समालोचन चालू. भाषा फारशी कळत नसे, पण कोणीतरी गोरा म्हातारा समालोचक एका गोलंदाजाला पुन्हा पुन्हा ‘हॅपलेस’ म्हणायचा. “इतक्या मायेन म्हणी, टीचर, जसो आजो नातवाक हाक मारता. माका वाटलां, ह्यो शब्द आपलो.”

“पण अर्थ?”

“अर्थ कित्याक? आवाज बरो.”

अर्थाची गरज त्याला पुढच्याच महिन्यात पडली. परबांच्या मधल्याचे मामा मुंबईहून आले होते. भाच्याला भोंग्यावरून काय म्हणतात हे त्यांनी ऐकलं आणि त्यांचा समज झाला की हॅपलेस म्हणजे नालायक. गाड्यावर येऊन त्यांनी न्हानूबाबची गचांडी धरायचीच बाकी ठेवली. त्या संध्याकाळी तो आमच्या पडवीत हजर. शर्ट पांढरा, म्हणजे काम महत्त्वाचं. हातात झाकलेल्या ताटलीत दोन ऑम्लेटं.

“टीचर, माका एकदा सांगा. मी लोकांक शिवी देतंय काय?”

मी म्हटलं, शिवी नाही. ‘हॅप’ हा जुना इंग्रजी शब्द, म्हणजे नशीब, योग. तो ज्याच्याकडे नाही, तो हॅपलेस. त्याच ‘हॅप’पासून ‘हॅपन’ आला आणि ‘हॅपी’सुद्धा.

तो उडालाच. “म्हणजे हॅपी आणि हॅपलेस भाव-भाव?”

“एका घरातले.”

“आणि एक हसता, एक रडता! आमच्या घाड्यांच्या घरासारखांच.” मग जरा विचार करून म्हणाला, “म्हणजे दुर्दैवी.”

“हो. पण आपल्याकडे दुर्दैवी म्हटलं की पेपरातली बातमी आठवते. दुर्दैवी अंत, दुर्दैवी घटना. कोणीतरी गेल्यासारखं वाटतं.”

“मगे अभागी?”

“तो नाटकात शोभतो. करंटा म्हणजे तर दोषच दिला. आणि बिचारा म्हटलं तर कीव आली, पण नशीब राहून गेलं. हॅपलेसमध्ये माणसाचा दोष नसतो, नशीब मात्र त्याची पाठ सोडत नाही, आणि बघणाऱ्याला थोडी दया, थोडं हसू येतं. आणखी एक. हा शब्द लोक सहसा दुसऱ्याबद्दल वापरतात. स्वतःला कोणी फारसं हॅपलेस म्हणवून घेत नाही.”

“आणि षटकार?”

“षटकार हॅपलेस नसतो, न्हानूबाब. गोलंदाज असतो.”

तो लाजला. त्यानंतर शब्दाच्या बाबतीत त्याच्याइतका काटेकोर विद्यार्थी मला वर्गात मिळाला नाही. मी गाड्यावर गेले की परीक्षा सुरू. “टीचर, कोरगावचो तो मास्तर, अख्खो पावसाळो छत्री घेऊन फिरलो. एक दिवस घरी विसरलो आणि त्याच दिवशी भिजलो. जाता?”

“हो, तो हॅपलेस.”

“आणि टेलराचो जावई? दारू पिऊन व्हाळात पडलो.”

“नाही. तो दारुडा.”

“बरां. आणि माझी सासू? तिका असलो जावई गावलो!” मागून शेवंती म्हणायची, “ती जाता!”

असं सगळं मजेत चाललं होतं. मग ती अंतिम लढत झाली.

आमच्या वाड्यावरचा दिगंबर, सगळ्यांचा दिगू, पेडणे–म्हापसा मार्गावर बस चालवायचा. बस स्वतःची, बँकेच्या कर्जाने घेतलेली. तिशीचा, कमी बोलणारा, आई आणि तो दोघंच घरात. शेवटचं षटक त्याच्या हातात आलं. समोरच्या फलंदाजाने पहिला चेंडू मळ्याबाहेर मारला. दुसरा पण. तिसऱ्याला झेल उडाला आणि क्षेत्ररक्षकाच्या हातातून उसळून सीमेपार गेला. चौथा यष्टीला लागला, पण बेल पडलीच नाही. भोंगा वेडा झाला होता. न्हानूबाबला आयुष्यात पहिल्यांदा असा माणूस सापडला होता ज्याला त्याचा शब्द पायापासून डोक्यापर्यंत बसत होता. आणि या एकाच माणसाचं नाव त्याला पाठ होतं, कारण रोज सकाळी अंडी म्हापशाहून त्याच्याच बसने यायची. “हॅपलेस दिगंबर! हॅपलेस, हॅपलेस, हॅपलेस दिगंबर!” मळा लोटपोट हसत होता. मीसुद्धा हसले. कोणीतरी फोनवर सगळं टिपलं, खाली नाचणारी अक्षरं घातली, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत अख्ख्या पेडणे तालुक्याने ते पाहिलं.

पुढच्या आठवड्यात दिगूच्या बसचा टायर फुटला. नंतर रेडिएटर गळला. मग धारगळच्या थांब्यावर उभ्या बसच्या काचेवर नारळ पडला. असं कुठल्याही बसचं होतं. पण आता बस येताना दिसली की कॉलेजची पोरं ओरडायची, “हॅपलेस इलो!” बायाबापड्यांनी शब्द उचलला. त्यांना अर्थ एवढाच कळला की या बसमध्ये काहीतरी खोट आहे. शुभकामाला निघालेले लोक मागच्या बसची वाट बघू लागले.

आणि दिगूचं लग्न थांबलं. साखळी गावची मुलगी, प्रज्ञा नाव, औषधांच्या दुकानात कामाला. बोलणी झाली होती, मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत होती. वडील नव्हते, काकांनी वाढवलेली. काकांच्या फोनवर तो व्हिडिओ पोचला, मागोमाग नारळाची गोष्ट पोचली, आणि काकांनी निरोप दिला, थोडं थांबूया.

दिगू गाड्यावर आला तेव्हा मी तिथेच पाव घेत उभी होते. वाटलं, आता भांडण होणार. तो बाकावर बसला. न्हानूबाबने समोर ताटली ठेवली, ती त्याने बाजूला सारली.

“न्हानूबाब, तू म्हणालंस आणि माईक बंद करून घरी गेलंस,” तो हळू आवाजात म्हणाला. “माका ती बस रोज चालवची पडता.”

आणि उठून गेला. न्हानूबाबने तव्याखालचा गॅस बंद केला. तव्यावर ऑम्लेट अर्धं कच्चं होतं, ते तसंच राहिलं.

रविवारी त्याने आपल्या परीने उपाय केला. डाव संपल्यावर भोंग्यावरून जाहीर केलं, “प्रेक्षकहो, एक महत्त्वाची सूचना. दिगंबर हा हॅपलेस नाही. पुन्हा सांगतो, दिगंबर हॅपलेस नाही!” याचाही व्हिडिओ झाला. पहिल्यापेक्षा जास्त फिरला. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही कळलं.

तेव्हा त्याने दुसरा मार्ग धरला. सकाळी गाडा शेवंतीवर सोपवून दिगूच्या बसमध्ये बसू लागला. ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर, पांढरा शर्ट घालून. पेडणे ते म्हापसा आणि परत. “न्हानूबाब बसला म्हणजे काय होत नाय,” असं लोकांना वाटावं, एवढाच हेतू. दिगू त्याच्याशी बोलत नसे. हा बसून राही. एका सकाळी मी शाळेला निघाले होते, तेव्हा बस समोरून गेली. जवळजवळ रिकामी बस, पुढे दिगू, त्याच्या मागे ताठ बसलेला न्हानूबाब. दोघंही समोर बघत होते.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी तो मला घेऊन साखळीला निघाला. काकांना फोन करून ठेवला होता. “शब्दाची जाणकार बरोबर आसा म्हणून सांगितलां,” तो म्हणाला. मला हसू आलं, पण त्याचा चेहरा पाहून दाबलं. डिचोली मागे पडली. तांबड्या मातीचे डोंगर दिसायला लागले तसं त्याने खिडकीतून बोट दाखवलं, “थंय माझो काटो होतो.” उतरायच्या आधी कानाशी येऊन म्हणाला, “टीचर, अर्थ जरा बदलून सांगशात? शूर म्हणून?”

“न्हानूबाब, काकांच्या फोनवर अर्थ मिळतो.”

“मिळता खरो,” त्याने सुस्कारा टाकला.

काका एका कचेरीतून निवृत्त झालेले, बोलणं बेताचं आणि नेमकं. चहा आला. न्हानूबाब खुर्चीच्या कडेवर बसून होता. भोंग्यावर तालुका हलवणाऱ्या माणसाला चार भिंतींत शब्द सुचत नव्हता. “शब्द माझो,” एवढंच तो म्हणाला. “मनीस तसो न्हय.”

“आम्ही काही भोळसट माणसं नाही,” काका म्हणाले. “पण मुलीचा प्रश्न आहे. टीचर, तुम्हीच सांगा. हॅपलेस म्हणजे दुर्दैवीच ना?”

“हो,” मी म्हटलं. न्हानूबाबने डोळे मिटले. “पण त्यात एक फरक आहे. इंग्रजीत अनलकी दोघांनाही म्हणतात. ज्याच्यावर वाईट वेळ येते तोही अनलकी, आणि ज्याच्यामुळे येते असं लोक मानतात तोही. तेराचा आकडा अनलकी, पण त्याला कोणी हॅपलेस म्हणत नाही. हॅपलेस फक्त सोसणारा. आपण ज्याला अपशकुनी म्हणतो, तो अर्थ या शब्दात नाहीच.”

काकांनी नीट ऐकून घेतलं. “हे समजलं. पण त्याच्यावर येतं हे तर खरं? मग उद्या जी त्याच्याबरोबर असेल, तिच्यावरही येणारच.”

इंग्रजीचं काम तिथे संपलं.

आतल्या दारात प्रज्ञा उभी होती. “येतं तेव्हा ते काय करतात?” तिने विचारलं. प्रश्न मला नव्हता. न्हानूबाबला होता.

“कोण? दिगू?” तो खुर्चीत जरा मागे सरकला. “परवा कोलवाळच्या पुलार बसीचो पट्टो तुटलो. पुलाच्या बरोबर मधी. इंजिनातसून वाफ...” आवाज चढायला लागला. “लोक ओरडूक लागले. एक पँटवालो तर उभो ऱ्हवान म्हणता, हॅपलेसच्या बसीत बसलंय, माझीच चूक! दिगून काय केल्यान? काय बोलूक ना. पयली एक म्हातारी होती, कोंब्यांची पाटी घेऊन. तिका हात धरून उतरवल्यान. कोंबे ओरडतत, लोक ओरडतत, मागच्यो गाड्यो हॉर्न मारतत! एका चेडवाची परीक्षा होती, ती रडाक लागली. वळखीचो मोटारसायकलवालो थांबवन तिका पाठवल्यान. मागची बस थांबवल्यान, हात जोडून कंडक्टराक सांगितल्यान, सगळ्यांका बसवल्यान. तो पँटवालो आधी जावन बसलेलो, खिडकीत. आणि दिगू धावता! पुलावरसून धावता, बस सुटता, तरी धावता, आणि खिडकीतसून आत हात घालून सांगता, साहेब, तुमची पिशवी ऱ्हवली!”

न्हानूबाब केव्हा उभा राहिला होता ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. शेजारच्या घरातली दोन माणसं अंगणात येऊन थांबली होती. काकांच्या हातातला चहा तसाच होता. प्रज्ञा हसत होती, पदराने डोळे पुसत.

“आणि पट्टा?” ती म्हणाली.

“खंयचो पट्टो?”

“बसचा. नवीन घातला?”

न्हानूबाब चाचरला. “ना. जुनोच शिवून...”

“काका, त्यांना फोन करा आणि पट्टा नवीन घालायला सांगा,” ती म्हणाली. “रेडिएटर पण दाखवून घ्या म्हणावं. लग्न काय, मेमध्ये होईल.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं, न्हानूबाबकडे पाहिलं आणि थंड झालेला चहा एका दमात पिऊन टाकला. परत येताना न्हानूबाबने डिचोलीच्या स्टँडवर तीन भजी-पाव खाल्ले. कितीतरी दिवसांनी त्याला भूक लागली असावी.

लग्न मेमध्ये झालं. देवळाच्या मंडपात माईक न्हानूबाबकडेच होता. आहेर कोणाकडून आले ते सांगताना त्याने एकदाही परबांचा मधला, टेलराचा जावई असं म्हटलं नाही. प्रत्येकाचं नाव घेतलं, आडनावासकट. शेवंती मला म्हणाली, आठवडाभर गाड्यावर गिऱ्हाइकांना नावं विचारून पाठ करत होता, कांदे करपले. मळ्यावरही त्याची रीत बदलली. कोणाचा झेल सुटला, की भोंग्यातून आधी विचारणा व्हायची, “रमाकांत, म्हणू काय?” रमाकांतने सीमेवरून हात वर केला तरच तो शब्द यायचा. नाही केला, तर “बरं, राहिलं,” म्हणून पुढचा चेंडू.

दिगूचं टोपणनाव एकदम गेलं नाही. पुढच्या मोसमात कोणाच्या तरी लग्नाच्या वरातीत नवरदेवाची घोडी वाटेतल्या शाळेत शिरली, त्याचा व्हिडिओ आला, आणि लोकांना नवीन विषय मिळाला. असंच जातं ते. दिगू पुन्हा न्हानूबाबशी बोलू लागला, तोही आपल्या बेताने. एका सकाळी बस गाड्यापाशी थांबवून त्याने ड्रायव्हरच्या खिडकीतूनच ताटली मागितली आणि प्रवासी ताटकळत असताना पावाने ताटली पुसून शेवटचा घास खाल्ला. न्हानूबाब त्याच्या तोंडाकडे बघत रस्त्यात उभा होता.

मग विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम निघालं. हायवे रुंद झाला, कडेचे गाडे उठले. न्हानूबाबला साखळीला बसस्टँडजवळ जागा मिळाली. ज्या सकाळी तो जायचा होता, तेव्हा मी शाळेत जाताना थांबले. टेंपोत गाडा चढवून दोरीने बांधला होता. शेवंती पुढे ड्रायव्हरजवळ बसली होती, मांडीवर देवांची पेटी.

“चालेल ना तिथे?” मी विचारलं.

“न चलूक काय झालां? साखळीकारांका तोंडां नात?” तो म्हणाला, आणि मागे चढला.

सामान सगळं बांधलं होतं, फक्त अंड्यांचे ट्रे त्याने कोणाकडे दिले नव्हते. टेंपोत खाली बसून त्याने ते मांडीवर घेतले, एकावर एक. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. रस्ता सगळा उखडलेला, खडी पसरलेली. खड्डा आला की तो गुडघे वर घ्यायचा, उतरला की खाली सोडायचा, आणि दोन्ही हात अंड्यांवर, झोपलेल्या पोराच्या अंगावर ठेवावेत तसे. मी हात हलवला. त्याला हलवता येईना. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, हसला आणि लगेच पुन्हा खाली बघितलं, कारण पुढचा खड्डा आला होता.